न्हाणीतलं बेसिन

बाबा बसमध्ये कंडक्टर होते. दाढेखाली कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. सावंगीच्या दवाखान्यात त्यांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डावा जबडा काढला, आणि त्यानंतर त्यांचं बोलणं फक्त आईला कळायचं.

डॉक्टरांनी दिवसातून अनेकदा चुळा भरायला सांगितलं होतं. पण नालवाडीतल्या आमच्या घराचा नळ अंगणात, रस्त्याला लागून. चूळ भरली की पाणी एका बाजूनं गळायचं. बाबा नळावर जाईनासे झाले.

"लोकं पाहतेत म्हणून ते तोंडच धूत नाई," आई मला म्हणाली. "जखम वास मारून राह्यली. आतमंधी काही करून दे त्यायले."

न्हाणी इतकी अरुंद, की दुकानातलं बेसिन लावलं असतं तर दार उघडलं नसतं. शिवाय बाबांना फार वेळ उभं राहवत नव्हतं; स्टुलावर बसून हात पुरेल इतकं ते खाली हवं होतं. म्हणून मी स्वतःच बनवायला घेतलं. प्लॅस्टिकचं छोटं घमेलं पालथं घालून तेल लावलं, मधोमध पाइपचा तुकडा उभा केला, वरून जाळी आणि सिमेंटचा थर दिला. पहिलं काढतानाच तडकलं. दुसरं टिकलं. त्यावर पाणी मारायला मी विसरलो की बाबा खाटेवरून हातानं खूण करायचे.

भिंतीत दोन लोखंडी अँगल ठोकून बेसिन टेकवलं, खालून पाइप मोरीपर्यंत नेला. वर छोटा आरसा लावला. बेसिनवर आरसा असतोच, एवढाच विचार. ऑपरेशननंतर बाबांनी आरसा पाहिलाच नव्हता. ते आत गेले, दार लावलं. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही. मग आला. नंतर मी आत गेलो, तर आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला. मी तो काढून टाकला.

हिवाळाभर बाबा तिथं तोंड धूत राहिले. बेसिन नेहमी घासून पुसून लख्ख. एकदा दार नीट लागलं नव्हतं. बाबा बोटांनी बेसिनच्या कडेचं रक्त पुसत होते. मला पाहताच त्यांनी आई होती त्या दिशेला बोट दाखवून मान हलवली. तिला सांगू नको.

मी सांगितलं. सावंगीला नेलं. आजार उजवीकडे पसरला होता. आता कापण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काऊन लपवलं जी माह्यापासून?"

बाबा काहीतरी पुटपुटले. मला कळलं नाही.

"काय म्हणते ते?" मी आईला विचारलं.

"म्हणते, मले कळलं असतं तं मी जेवणं सोडलं असतं."

मग त्यांना न्हाणीपर्यंतही जाववेना. आई खाटेशी भांडं धरून बसायची, आणि कितीही वास आला तरी तोंड फिरवायची नाही. फाल्गुन लागताच ते गेले.