मालिकेतली माझी चढाई

टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत मला मीच व्हायचं होतं. "सर, तुम्ही फक्त तुम्ही राहायचं," असं फोनवरची मुलगी पुन्हा पुन्हा बजावत होती. जसं काही मी एरवी दुसराच कोणी असतो. कबड्डी खेळलो, राज्याकडून खेळलो, त्यावर नोकरी लागली, गुडघा गेला, घरी बसलो. संपला विषय.

हो म्हणालो ते आईसाठी. आईने मला कधी खेळताना पाहिलंच नाही. आमच्या कोलशेत गावात तेव्हा बायका मैदानाकडे फिरकत नसत. सामना रंगात यायचा तेव्हा ती मिठागरावर, नाहीतर चुलीपाशी. मी जिंकून आणलेल्या ढाली तिने पुसल्या, तेवढाच तिचा खेळाशी संबंध. आता ती थकलीय, घराबाहेर पडत नाही, दिवसभर हीच भिकार मालिका बघते. "येकदा तरी खेलताना बघू दे," म्हणाली. मग काय करणार?

शूटिंग गावातल्याच एका बंद कारखान्यात होतं. शेडमध्ये सोसायटीचं मैदान उभं केलेलं. हिरवा गालिचा, त्यावर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्ट्या, आणि मधली रेषा वाकडी. मी तसं सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला, "फ्रेममध्ये नाही दिसत, सर." पोरगा माझ्या जावयाच्या वयाचा, छपराखाली गॉगल लावून फिरत होता. मालिकेचा नायक सोसायटीचा सेक्रेटरी. तो सकाळपासून एसी व्हॅनमध्ये बसून होता, बाहेर आला तो शर्टाच्या आत उशी बांधून. "सर, मीपण शाळेत कबड्डी खेळलोय," म्हणाला. आजवर मला भेटलेल्या प्रत्येक बिनकामाच्या माणसाने हे वाक्य ऐकवलंय.

सीन असा, की मी चढाईला जायचं, नायकासमोर थांबायचं, "मेंटेनन्स भरला का?" असं विचारायचं, आणि पुन्हा कबड्डी कबड्डी करत त्याला शिवून परत यायचं. अरे, मध्ये बोललं की दम तुटला, आणि दम तुटला की चढाई करणारा बाद. शेंबड्या पोरालाही कळतं हे. "ऑडियन्सला नाही कळत हो," दिग्दर्शक म्हणाला. त्याची ऑडियन्स म्हणजे माझी आई, हे याला कोण सांगणार?

गुडघ्याला पट्टा बांधून मी गेलो. थांबलो, वाक्य बोललो, आणि पाय आपोआप रेषेबाहेर चालायला लागले. बाद झाल्यावर पंचाच्या शिट्टीची वाट बघत आत घोटाळणं आमच्या मंडळात लाजिरवाणं समजत. मी मान खाली घालून बाहेर जाऊन बसलो. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच झालं. अख्खं युनिट खिदळायला लागलं. नायक उशी धरून हसत होता. "हेच ठेवू या, भारी आहे," दिग्दर्शक म्हणाला.

मी म्हणालो, निदान एक चढाई सरळ घ्या, न बोलता. "घेऊ ना, सर." घेतली. त्या उशीवाल्यासकट सगळ्यांना शिवून मी परत आलो. गुडघा ठणकत होता, पण खरं सांगतो, मी खूश होतो. आईला दाखवण्याजोगं काहीतरी झालेलं. जाताना त्यांनी प्लास्टिकचा कप आणि बिर्याणीचा डबा हातात दिला.

एपिसोड लागला तेव्हा आई चष्मा पुसून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. बायकोने आवाज वाढवला. ती सरळ चढाई त्या नालायकांनी कापून टाकलेली. होतं ते एवढंच, मी थांबतोय, मेंटेनन्स विचारतोय, मान खाली घालून बाहेर जाऊन बसतोय. परत बसतोय. मागून शेकडो माणसांचं रेकॉर्ड केलेलं हसू.

आई हसली नाही. जाहिराती लागल्यावर तिने माझा हात हातात घेतला.

"लोकं अशीच हसायची का रं तुला?" तिने विचारलं. "घरी कदी बोलला नाय."