शेवटचा पीळ

व्हॅनखाली आडवे पडून बाबा ऑइल फिल्टर काढत होते. जुनं तेल गळून गेलं होतं, पण फिल्टर जागचा हलत नव्हता.

"कुणा गाढवानं एवढा आवळलाय?" मी म्हणालो.

"मीच. गेल्या दिवाळीत."

फिल्टर हातानंच, बेतानं बसवायचा असतो. पण बाबांचा जन्म कारखान्यात नट आवळण्यात गेला. एखादा सैल निघाला तर साहेब सगळ्यांदेखत झापायचा, म्हणून शेवटी एक जास्तीचा पीळ द्यायची सवय मनगटात मुरली. त्याच मनगटांत आता जोर उरला नाही, म्हणून कारखान्यानं त्यांना घरी पाठवलं. आता याच व्हॅनमधून शाळेची मुलं ने-आण करून घर चालवायचं आहे. त्यांचा जोर त्या लोखंडात शाबूत आहे आणि हात मात्र रिकामे झालेत. कारखाना याला झीज म्हणतो. मी चोरी म्हणतो.

अखेर मी फिल्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकला आणि त्याच्या दांड्यानं फिल्टर फिरवून काढला. काळं तेल बाबांच्या कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी नवा फिल्टर माझ्या हातात दिला.

"तू बसव. जास्त आवळू नकोस," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मलाच काढायचाय."