शेजाऱ्याच्या वावरातली अळी

रोहिणखेडच्या कडूबाची पुष्पांजली बुलढाण्याला शेतीसल्ला केंद्रात लागली, तेव्हा गावाला वाटलं पोरगी कागदं टाइप करत असेल. पोरगी चाळणी विणत होती. जिल्ह्यातून शेतकऱ्यांचे रोज हजारभर मेसेज येत. त्यांतून 'बोंडअळी' असलेले वेचायचे आणि ज्या गावाचे जास्त, तिथे दुसऱ्या दिवशी तपासणीला माणूस धाडायचा. वेचायचं सूत्र, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, तिनं लिहिलेलं. शब्दापुढे 'नाही' असेल तर सोड, मागे 'गेल्या वर्षी' असेल तर सोड. बोटभर ओळ, पण भल्याभल्यांना जमली नव्हती, आणि हे सांगायला ती मुळीच लाजत नसे.

मग तिचे साहेब गजेंद्र सर म्हणाले, ऐकीव बातम्या नकोत. तिनं आणखी एक अट घातली, मागे 'शेजाऱ्याच्या वावरात' असेल तरी सोड. सरांनी शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवशी रोहिणखेडचा आकडा शून्य. कपाशीचं गाव, ऐन बोंडं भरायचे दिवस, आणि शून्य? तिची आई पाखडलेला कोंडासुद्धा फेकण्याआधी एकदा चिवडून बघते. पुष्पांजलीनं गाळलेले मेसेज उघडले. रोहिणखेडचे एक्केचाळीस निघाले, आणि झाडून सगळ्यांच्या शेजाऱ्याच्याच वावरात अळी! त्यात एक तिच्या बापाचा होता. कडूबाच्या वावराला तर शेजारीच नाही, चारी अंगांनी गायरान.

तिनं कपाळावर हात मारला. आपलं बरं-वाईट आपल्या तोंडानं बोलू नये, दृष्ट लागते, हे बाळकडू पिऊन वाढलेली पोरगी तेच विसरली होती. ती उठून सरांकडे गेली.

"सर, चूक माझी आहे. आमच्याकडे शेजारी म्हणजे आपणच."

अट निघाली. दुसऱ्या दिवशी तपासणीचा माणूस रोहिणखेडात पोचला. अळी नुकतीच बोंडात शिरत होती; पीक हाती लागण्यासारखं होतं.

शनिवारी ती गावी आली, तर कडूबा पारावर चारचौघांत बसलेला. तपासणीचे साहेब आपणहून वावरात कसे आले, असं कोणीतरी विचारत होतं. कडूबानं लेकीला येताना पाहिलं, मुद्दाम मान वळवली आणि तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "शेजाऱ्याची पोरगी लय हुशार निघाली बा."

पुष्पांजली मान ताठ ठेवून पारावरून गेली, आणि घर येईपर्यंत तिनं डोळे पुसले नाहीत.