काळा शर्ट आणि वीस मीटरचा दोर

संदेशच्या गाडीचा एसी पोर्ट ऑगस्टाच्या पुढे बंद पडला. त्याला शिव्या घालत आम्ही खिडक्या उघडल्या, तर आत लाल धूळ आली. त्या वर्षी ॲडलेडची कॉलेजं आपल्या मुलामुलींनी नुसती भरून वाहत होती आणि सुट्टी लागली की सगळी वरात मेलबर्नला. आम्ही दोघांनीच कूबर पीडीची वाट धरली. माणसं जमिनीच्या पोटात राहतात, हे मला या डोळ्यांनी बघायचं होतं.

नऊ तासांनी कूबर पीडी दिसलं. झाड नाही, गवत नाही, क्षितिजापर्यंत नुसते पांढऱ्या मातीचे ढीग. प्रत्येक ढिगाशेजारी एक खोल विवर. ओपल (रंग फेकणारा मौल्यवान दगड) शोधत माणसांनी एवढी जमीन पोखरली होती! एवढ्या आशेची मला भीतीच वाटली.

आमची उतरायची सोय एका क्रोएशियन खाणवाल्याच्या डगआऊटमध्ये (खडकात कोरलेल्या घरात) होती. नावाचं स्पेलिंग वाचून फोनवर मी त्याला ‘मेट’ म्हणत होते. भेटल्यावर कळलं, उच्चार ‘माते’ असा आहे. सहा फुटी दाढीवाल्याला माते म्हणायचं! संदेश बुटाची नाडी बांधायला वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.

बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत माठाचा गारवा. जेवायला सारमा (कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा) होता आणि सोबतीला ड्रागान. हा मातेचा भागीदार, जातीने सर्ब. अकरा वर्षं दोघांची एकच खाण. माते खाली उतरतो, ड्रागान वर विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) चालवतो.

जेवणानंतर मातेने गावाकडचा अल्बम माझ्या हातात दिला. शेवटच्या पानामागून एक सुटा फोटो निसटला. रंग उडालेला, काळा शर्ट, काळी टोपी, हातात बंदूक. कपाळ हुबेहूब मातेचं.

“यांचे बाबा असणार, बघ,” मी संदेशला म्हणाले.

ड्रागान खो खो हसला. “बाबा? आमच्यात बाबा म्हणजे म्हातारी! बघू तुझी म्हातारी!” त्याने फोटो घेतला आणि त्याचं हसू बंद झालं. “हा तू आहेस.”

“मीच,” माते म्हणाला.

मग आमच्याकडे बघत तो सांगू लागला, पण सांगत होता ड्रागानला. १९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला. माते तेव्हा मेलबर्नला ट्रक चालवायचा. गावावर सर्बांचे तोफगोळे पडल्याचं ऐकून तो विमानात बसला. क्रोएशियाला धड सैन्य नव्हतं. एका पक्षाने स्वयंसेवकांची सेना उभी केली होती, तिने त्याला बंदूक दिली. काळा गणवेश, आणि दुसऱ्या महायुद्धात सर्बांची कत्तल करणाऱ्या क्रोएशियन फॅसिस्टांच्या घोषणा. “त्या घोषणांनी पूर्वी काय केलं, ते मला माहीत होतं. तरी शर्ट घातला.” वर्ष-दीड वर्षात सरकारनेच ती सेना मोडून आपल्या सैन्यात घेतली. माते परत आला आणि कुणाला काही बोलला नाही.

“माझ्या आजोबांचं सगळं घर त्या पूर्वीच्या फॅसिस्टांनी मारलं,” ड्रागान म्हणाला. ताट तसंच ठेवून तो निघून गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणाले. “तुझी चूक नाही,” माते म्हणाला. “पण उद्या तो आला नाही तर माझी खाण संपली. माझा जीव मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही.”

सकाळी आम्ही मातेबरोबर खाणीवर गेलो. ड्रागान विंचपाशी उभा होता. त्याने दोर तपासला, हुक ओढून बघितला. मातेने पट्टे बांधले आणि तो विवराच्या काठावर आला.

“आमच्या माणसांवर गोळ्या झाडल्यास?” ड्रागानने विचारलं.

“झाडल्या.”

“लागल्या?”

“एक लागली. मी पाहिलं.”

संदेशने माझा दंड धरला. ड्रागानचा हात लिव्हरवर होता.

“उतर,” तो म्हणाला.

दोर सुटू लागला, अगदी हळू. घंटा वाजून माते तळाला पोहोचल्याचं कळेपर्यंत ड्रागानने डोळ्याची पापणी हलवली नाही.

“माफ केलंत त्यांना?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “पण तो खाली आहे. आता बोलू नकोस माझ्याशी, लक्ष उडतं.”

दुपारी आम्ही परत निघालो. संदेश वाटभर ड्रागानच्या हाताबद्दल बोलत होता. माझ्या मनातून मात्र माते जात नव्हता. पायाखाली वीस मीटरचं विवर, दोर त्या माणसाच्या हातात, आणि हा खरं बोलला. मी असते तर आधी सुखरूप वर आले असते आणि मग सांगितलं असतं.