म्हशीचा आवाज जाड होईपर्यंत

माझी बायको गाताना पळते, असं कशेळ्याच्या बाजारात पहिल्यांदा बोलला तो एक स्पीकरवाला. लग्नाला कर्णे भाड्यानं द्यायचा, ते आंब्याला बांधायचा आणि गाणारा आपणच असल्यासारखा खुर्ची टाकून बसायचा. माईकात फुंकर मारून "हॅलो, हॅलो" म्हणायचं, एवढीच त्याची विद्या. असल्या माणसानं माझ्या बायकोला नाव ठेवलं आणि बाजारानं माना डोलवल्या. बाजाराला किती अक्कल असते ते मला तेव्हाच कळलं.

बायको धवळारीण होती. हल्लीच्या पोरांना हे फोड करून सांगावं लागतं. धवळा म्हणजे आमच्याकडचं लग्नातलं गाणं, आणि ते म्हणणारी ती धवळारीण. ती म्हणेल तशी हळद कुटायची, ती म्हणेल तेव्हा नवरीच्या अंगाला लावायची. भटजी उशिरा आला तर माणसं विड्या ओढत बसत. धवळारीण आली नाही तर उखळाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. तिचा आवाज गोड नव्हता. जाड होता, घोगरा, थेट बापयासारखा. पण चाल अशी पक्की, की कुटणाऱ्या बायका तिच्या भरवशावर हात सोडत. एका उखळात दोन मुसळं पडतात. गाणारी चुकली तर मुसळावर मुसळ आपटतं, नाहीतर कोणाचं तरी बोट चेचतं. तिच्या गाण्यावर कधी कोणाचं बोट चेचलं नाही. हाच तिचा मान. दुसरा तिला मी तरी कुठला दिला होता.

कॅसेटी नुकत्या गावात शिरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. स्पीकरवाल्याच्या डोक्यात आलं, की धवळ्याखाली सनई-ढोलकी घालायची आणि दोन्हींची मिळून एक कॅसेट करायची. धवळ्याला वाजंत्री लागतच नाही, मुसळ हेच त्याचं वाजप. हे म्हणजे पेजेत फरसाण घालून खाण्यातला प्रकार. पण भावाला वाटलं, आपल्या घरची कॅसेट निघणार. त्याची छाती फुगली.

वाजंत्री आमच्या ओटीवर बसले, बायकोकडून चाल ऐकून घेतली. मग स्पीकरवाल्यानं त्यांना कर्जतला नेलं आणि विजेवर चालणाऱ्या टेपवर त्यांचं वाजवणं भरलं. हळदीच्या दिवशी तो दुसरा टेप घेऊन आमच्याकडे आला. आमच्या घरात वीज नव्हती. भिवपुरीला पाण्यावर वीज होते, तिच्या तारा आमच्या शेतावरून जात, खाली आम्ही कंदिलाच्या काचा पुसत बसलेलो. म्हणून हा टेप सेलवर. आणि सेल कसले? या चिकट्यानं आपल्या विजेरीतले जुने सेल पत्र्यावर उन्हात वाळवून आणलेले. ऊन दाखवलं की सेलात जीव येतो, असं तेव्हा सगळेच मानत. येतोही. आजारी माणूस मरायच्या आधी उठून बसतो, पेज मागतो, तसा येतो. तो किती टिकतो ते मी नंतर माझ्याच घरात बघितलं.

उखळ पडवीत मांडलं. पडवीच्या कुडापलीकडे गोठा. बायकोनं धवळा सुरू केला तशी म्हैस एकदा ओरडली. कुटून झालं, हळद ताटात काढली, तेव्हा परत ओरडली. स्पीकरवाला म्हणाला, "म्हशीनं घाण केली." मी म्हटलं, "ती तिच्या घरात हाय. तू परक्याच्या घरात हायस."

पुढं त्यानं कशेळ्याच्या आपल्या दुकानात दोन्ही टेप विजेवर लावून शेजारी शेजारी ठेवले, एकदमच चालू केले आणि समोरच्या तिसऱ्यावर भरायला बसला. पहिल्या कडव्याला सगळं जमलं. दुसऱ्याला बायको जरा पुढं. तिसऱ्याला आणखी पुढं. शेवटी तिचा धवळा संपला तरी ढोलकी आपली मागून रखडत येतेय. झालं. टेप लबाडी करत नाही, बाई पळते, असं त्यानं ठरवलं. ठरवलं तर ठरवलं, दुकानात येईल त्याला वाजवूनही दाखवायला लागला.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या वाडीत लग्न होतं. बायकोचं बोलावणं ठरलेलं. नवरीचा बाप मला वाटेत भेटला, उगाच भातपिकाचं बोलत राहिला आणि शेवटी म्हणाला, "वैनींचं वय झालं का वो? पळतात म्हनं."

"मुसळ आन," मी म्हटलं, "आन् तुजं बोट ठेव उखळात. मग कळंल कोन पळतं."

पण बोलावणं काही पक्कं करून गेला नाही.

घरी सांगितलं. बायको भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी नीट शेकून घेतली, मग म्हणाली, "मला आयकायचंय."

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं कशेळ्याला गेलो. दुकानात नेहमीचे रिकामटेकडे बसलेले होतेच. स्पीकरवाल्यानं तिला स्टूल दिलं.

"या काकी. मनाला लावून घेऊ नका. वयानं व्हतं सगळ्यांचंच."

"माजं वय मागनं मोज. लाव."

त्यानं दोन्ही टेप लावले. ती डोळे मिटून ऐकत राहिली. धवळा संपला, ढोलकी मागे राहिली. दोघंतिघं एकमेकांकडे बघून हसले.

"आयकलंत?" तो म्हणाला. "वाजंत्री कुठं, तुमी कुठं."

"मुसळं माज्या बरोबर हायत का नाय?"

"हायत."

"मग?"

"मग बायकापन पळाल्या तुमच्या मागनं."

टेप अजून फिरत होता. त्यातून काहीतरी बारीक किंचाळलं.

"ह्ये काय ओरडलं रं?"

"रेडकू असंल."

"आमच्या गोठ्यात रेडकू नाय. एक म्हस हाय, ती म्हातारी. सुरवातीला ओरडली ती पन तीच. माजीच कॅसेट मागं ने नि लाव."

त्यानं लावली. सुरुवातीला म्हैस ओरडली, चांगली भरदार, खऱ्या म्हशीसारखी. कॅसेट पुढं नेऊन शेवट लावला, तर रेडकू.

"मी पळाले," बायको म्हणाली, "मुसळं पळाली. आन् म्हसपन पळाली का रं, दाव्याला बांदलेली?"

दुकान असं हसलं की समोरचा भाजीवाला उठून बघायला आला. मघाशी जे माझ्या बायकोला हसले होते तेच आता त्याला हसत होते. माणसाची जात. ज्याच्या अंगावर चिखल दिसेल त्याला हसायचं, फेकला कोणी ते बघायचं नाही.

स्पीकरवाल्याचं तोंड उतरलं. सेल मरत गेले, टेप हळू फिरत गेला, हळू भरलेलं सरळ वाजवलं की ते घाईत आणि बारीक येतं, हे त्याला तेव्हा सुचलं. धंदा त्याचा, आणि सुचायला म्हैस लागली. मग लाडात येऊन म्हणाला, "काकी, नवे सेल घालतो. आणखी एकदा म्हना ना."

"नवरी कुठाय? हळद कुठाय? कोनाच्या नावानं म्हनू?"

"नुसतंच म्हना. मशीनसाठी."

"मशीनीला हळद लावतोस काय, मेल्या?"

आमच्याकडे नवरी समोर नसताना धवळा म्हणत नाहीत. एका नवरीचा दोनदा म्हणत नाहीत. तिनं साफ नाही म्हटलं. पण उठली नाही. म्हणाली, "हाय तोच नीट कर. माजं नाव तू खराब केलंस, तूच धू."

मग त्यानं बसून ते काम केलं. सगळा धवळा एका दमात न जोडता कडवं संपलं की दोन्ही टेप थांबवायचे, पुढच्या कडव्याला परत बरोबर सोडायचे. एका कडव्यात पडून पडून फरक किती पडणार? एवढ्यानं बरंच जुळलं. शेवटची कडवी मात्र ऐकेनात, आवाज चिरकाच. तेव्हा त्यानं तिचा टेप विजेवरून काढला आणि तेच वाळवलेले सेल त्यात घातले. हळू भरलेलं हळूच वाजवायचं. त्या सेलांचा काही भरवसा नव्हता, कधी फारच रेंगाळत. एक काढ, दुसरा घाल, असं चाललं. बरोबर झालं की नाही ते ठरवणार कोण? म्हैस. म्हशीचं ओरडणं लावायचं आणि बायकोकडे बघायचं.

"रेडकू हाय अजून," ती सांगायची. "अजून जाड. आता हत्ती केलास. हां, आता झाली म्हस. भर."

कॅसेट नीट झाली, स्पीकरवाल्यानं तिच्या नकला काढून विकल्या. वाडीचा तो नवरीचा बाप पान-सुपारी घेऊन स्वतः घरी आला, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. बायको लग्नाला गेली, धवळा म्हणून आली. पण तिथं मांडवात तिचीच कॅसेट कर्ण्यावर लागली होती. दुसऱ्या वर्षी बोलावणी कमी झाली. मग थांबली. कॅसेटला आणायला कोणी जावं लागत नाही, ती चहा मागत नाही, चुकलं तर बायकांना शिव्या देत नाही. हळद दुकानातून पुडीत यायला लागली, मुसळ नुसतं उखळाला टेकवायचं आणि फोटो काढायचा. कॅसेट बिघडलेली होती तेव्हा लोक म्हणाले बाई नको. नीट झाल्यावरही म्हणाले बाई नको. बायको एवढंच म्हणाली, "बरा जोडला वो त्यानं." पुढं ती स्वयंपाक करतानासुद्धा गायली नाही.

त्या नीट केलेल्या कॅसेटी गावात एकाकडेही राहिल्या नाहीत. लोकांनी त्यांच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली. माझ्याकडे आहे ती मूळची, मेलेल्या सेलांवरची. बायको गेल्यावर तेराव्याला नातेवाईक जमले, कोणीतरी ती लावली. शेवटची कडवी आली तशा सुना डोळे पुसत म्हणाल्या, "काय गोड आवाज हो आत्यांचा." मी टेप बंद केला आणि म्हटलं, "हिचा आवाज गोड नव्हता. भाकऱ्या खाल्ल्यात तुम्ही तिच्या हातच्या, आवाज ऐकला नाहीत?" त्यांना राग आला. येऊ दे.

आता मी एकटाच लावतो. सेल नवे घालतो, त्यात कंजुशी करत नाही. आधी म्हैस ओरडते, भरदार. मग ती सुरू होते, जाड, घोगरी, मुसळावर मुसळ न आपटू देणारी. पहिलं कडवं पुरं ऐकतो. दुसऱ्यात आवाज जरा बारीक व्हायला लागला की बटण दाबतो. त्यापुढं जी गाते, तिच्याशी माझं लग्न झालेलं नाही.