एकशे अठरा जीबी आणि एक पाळणा

२२ नोव्हेंबर, शनिवार. हातातलं काम: कणगीतला गेल्या वर्षीचा तांदूळ काढून, निवडून, पत्र्याच्या डब्यांत भरणे. गिरणीतून नवा तांदूळ यायच्या आत जागा रिकामी हवी होती. हे काम मी दुपारपर्यंत चोख केलं. फक्त त्याच दिवशी, मला पत्ताही न लागता, माझ्याच कर्तबगारीने आमच्या घरातलं चार महिन्यांचं साठवलेलं इंटरनेट नाहीसं झालं.

आधी थोडी माहिती देते. आमचं घर औंढ्यात. मी लोणावळ्यात एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. लोक अर्जावरची बारीक अक्षरं न वाचता सह्या ठोकतात म्हणून मी दिवसातून दहा वेळा ओरडते. (हे वाक्य विसरलात तर बरं होईल.) घरात माणसं तीन: मी, आमचे हे, आणि सासूबाई. मोबाइलही तीन, पण प्लॅन एकच, तिघांत मिळून. वायफायची वायर गावाच्या वेशीपर्यंत आलेली आहे. गेली दोन वर्षं ती तिथेच आहे.

जुलैत माझ्या धाकट्या भावाचा, संदीपचा, जर्मनीहून फोन आला. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्यांच्याकडे पाळणा हलणार होता. मी मुळीच हळवी बाई नाही. "डॉक्टर कोण आहे? आणि तिला लोह दे," एवढंच म्हटलं. मग तोच म्हणाला, "ताई, बारशाला नाव तूच ठेवायचंस. आत्या एकच आहेस. व्हिडिओ कॉलवर ठेव, पण तूच."

फोन ठेवून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आले ती योजना घेऊनच.

आमच्या प्लॅनमध्ये महिन्याला चाळीस जीबी. उरलेलं वाया जात नाही, पुढच्या बिलात जमा होतं, असं दोनशेपर्यंत साठतं. ही सोय आम्हाला तीन वर्षं होती आणि तीन वर्षांत एक थेंब उरला नव्हता, कारण आमचे हे. मावळात जिथे जिथे बैलगाडा शर्यत होते, तिथली प्रत्येक बारी, म्हणजे गाड्यांची प्रत्येक फेरी, हे मोबाइलवर बघतात. एकदा सरळ, मग एकदा हळू करून.

"आजपासून शर्यती बंद," मी जाहीर केलं. "बारशाला नेट कमी पडता कामा नये."

"अगं, बारसं नोव्हेंबरात!"

"म्हणून तर जुलैत बंद."

सासूबाईंना मात्र हे लगेच पटलं. त्यांच्या घरात जुना तांदूळ पाहुण्यांना आणि सणावाराला, घरच्यांनी नवा खायचा, असा साठ वर्षांचा कायदा आहे.

"बराबर हाय तिचं," त्या म्हणाल्या. "नवा तांदूळ चिकाट व्हतो. नेटबी तसंच आसंल. जुनं झाल्यावर मोकळं चालतंय."

"आई, नेट काय शिजवायचं असतं का?" हे कळवळून म्हणाले.

"तू गप. पाव्हण्यांचं हाय ते."

तेव्हापासून चार महिने आमच्या घरात उपास चालला. सासूबाईंची कीर्तनं बंद. माझ्या पाककृती बंद (त्याने जेवणात काहीही फरक पडला नाही, असं ह्यांनी सांगितलं). शेजारचे धोंडूआबा रोज संध्याकाळी कुंपणावरून हाक मारायचे, "मंगल, जरा हाटस्पाट दे की गं, कालची फायनल बघायचीया." मी त्यांना चहा दिला, भाजी दिली, एकदा दुखऱ्या गुडघ्याला तेल दिलं. हॉटस्पॉट दिला नाही. दर बिलाला साठा वाढत गेला. एकोणतीस. सत्तावन्न. अठ्ठ्याऐंशी. शेवटी एकशे अठरा! भरलेल्या कणगीकडे बघून वाटतं ना, तसं मला तो आकडा बघून वाटायचं. काही दिवस मी तो नुसता बघण्यासाठी ॲप उघडत होते. तेवढंच थोडं नेट खर्च व्हायचं.

नोव्हेंबरात मुलगी झाली. नाव ठरलं रेवा. बारसं तेविसाव्या तारखेला रविवारी, त्यांच्याकडे सकाळी साडेदहाला, म्हणजे आपल्याकडे दुपारी तीनला.

इथे शहाण्या बाईने हात जोडून बसायला हवं होतं. पण मी व्यवहारी आहे ना! घरात एकशे अठरा शिल्लक असताना दर महिन्याला आणखी चाळीस कशाला घ्यायचं? कणगी भरलेली असताना कोणी बाजारातून तांदूळ आणतं का? मी गुरुवारी कंपनीला फोन लावला आणि सर्वांत लहान प्लॅन मागितला. महिन्याला पाच जीबी.

"मॅडम, बावीस तारखेच्या नवीन बिलापासून लागू होईल," पलीकडची मुलगी म्हणाली. "नियम व अटी मेसेजमध्ये पाठवल्या आहेत, त्या वाचून एक दाबा."

मेसेज आला. लांबलचक होता. मी एक दाबला.

शनिवारी तांदळाचे डबे लागले आणि मला आयुष्यात क्वचित येतो तसा औदार्याचा झटका आला. उद्या बारसं. कॉलला लागून लागून किती लागेल? पन्नास? साठ? तरी अर्धं उरतंच.

"आज उपास सोडा," मी म्हटलं. "ज्याला जे बघायचं ते बघा."

ह्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. चार महिन्यांच्या शर्यती हे जेवणसुद्धा ओट्यावर घेऊन बघत बसले. सासूबाईंनी मोबाइल देवघरात टेकवला आणि एकामागून एक कीर्तनं लावली; मध्ये त्या उठून दूध तापवायला गेल्या तरी महाराज रिकाम्या देवघराला उपदेश करत राहिले. धोंडूआबांना मी स्वतः कुंपणाशी जाऊन हॉटस्पॉट दिला. "माझी माय ती!" आबा म्हणाले. मी पदर सावरला. दानशूर माणसाला कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

रविवार उजाडला. सासूबाईंचं म्हणणं, नाव ठेवायचं तर पाळण्यावर वाकूनच. त्यांनी माळ्यावरून लाकडी पाळणा काढायला लावला, तो पुसून ओटीवर टांगला, आत गोधडी घातली, गोधडीवर उशी, उशीवर माझा मोबाइल. त्याला तीट लावायलाही निघाल्या होत्या, मी काच खराब होईल म्हणून अडवलं. आळीतल्या अकरा बायका नटून आल्या. घुगऱ्यांचं पातेलं उतरलं. तीनला पाच मिनिटं कमी असताना मी कॉल लावला. लागला!

संदीप दिसला. मागे फुगे, साड्या, पाहुणे. अनघा, माझी भावजय, बाळाला घेऊन पुढे आली. बायका पाळण्यावर इतक्या वाकल्या की मला स्वतःच्याच मोबाइलपाशी जायला कोपर मारावं लागलं.

"ताई, मोबाइल हिच्या कानाशी धरतो," संदीप म्हणाला. "एक, दोन..."

आणि चित्र थांबलं. पडद्यावर बाळाचं एक पाऊल, संदीपचा अर्धा कान, आणि मधोमध एक गोल फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं.

"झोपलं वाटतं पोर," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मेसेज आला: आपल्या प्लॅनमधील शंभर टक्के डेटा वापरून झाला आहे.

"असं कसं? एकशे अठरा आहेत!" मी ओरडले. फोनवर लगेच कंपनीला गाठलं. बारा मिनिटं सनई ऐकली. मग मुलगा बोलला, "मॅडम, प्लॅन बदलला की मागची शिल्लक रद्द होते. नवीन प्लॅनचे पाच जीबी काल सुरू झाले आणि आत्ता संपले."

"मग वरचा पॅक द्या! आत्ता द्या! इथे मूल पाळण्यात आहे!"

"विनंती नोंदवली आहे. सुरू व्हायला चार तास लागू शकतात."

मी धोंडूआबांकडे धावले. आबा मोबाइल घेऊन ओट्यावरच होते.

"आबा, तुमचं नेट द्या!"

"अगं, सकाळीच संपलं. आमचं दिसाचं दिसाला आसतंय, आमी कुटं साठवतोय?" मग समजावणीच्या सुरात, "तुझं हाय की शंभराच्या वर."

परत ओटीवर. अकरा बायकांत मोबाइल तिघींकडे. एकीचा बटणांचा. दुसरीचं नेट नातवंडांनी संपवलेलं. तिसरी, सुरेखा, म्हणाली, "वहिनी, माझं चालतंय, पण तुमच्या ओटीत रेंज न्हाई येत. पाण्याच्या टाकीपाशी लय भारी येतीया."

"चला टाकीपाशी!" मी पायात चपला अडकवल्या.

"आन् पाळणा?" सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "पाळण्याबिगर नाव ठेवत न्हाईत. पाळणा घ्या."

वाद घालायला वेळ नव्हता. ह्यांनी पाळणा सोडवला, एक बाजू ह्यांनी धरली, दुसरी मी. पुढे सुरेखा मोबाइल आभाळाकडे धरून रेंज बघत, मध्ये आम्ही, मागे दहा बायका, आणि सर्वांत शेवटी सासूबाई पाळणा गात. खळ्यावर भात झोडणारी माणसं हात थांबवून बघत राहिली. एकाने विचारलंच, "काय मावशी, कुणाचं काय?"

"संदीपच्या पोरीचं बारसं!"

"आन् पोर कुटंय?"

"जर्मनीला!"

तो नुसता पेंढी धरून उभा राहिला.

टाकीपाशी पाळणा ह्यांनी आणि मी अधांतरी धरला. सुरेखाच्या मोबाइलवर संदीपचा नंबर घातला, चुकला, परत घातला. तीन वाजून बावन्न मिनिटांनी संदीप दिसला. तो जेवत होता.

"ताई... अगं, झालं गं," तो म्हणाला. हातातली पुरी त्याने खाली ठेवली. "आम्ही अर्धा तास थांबलो. बाळ भुकेने रडायला लागलं, हॉल साडेअकराला सोडायचा होता. मग आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पूनमने ठेवलं नाव."

पूनम कोण? मी तिला कधी पाहिलेलं नाही. संदीप शाळेत पहिल्यांदा गेला तेव्हा त्याचा हात मी धरला होता, पूनमने नाही. पण हे टाकीपाशी, पाळणा हातात असताना बोलण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं. उपाशी ठेवायला नको होतं तिला. जेव तू."

कॉल बंद झाला. सासूबाई म्हणाल्या, "घुगऱ्या गार व्हतील."

आम्ही पाळणा उचलून परत आलो. घरी पोचल्यावर हे एवढंच म्हणाले, "तो अटींचा मेसेज वाचला होतास का?"

मी घुगऱ्या वाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दहा वाजता, शटर वर जाताजाता, लोणावळ्यातल्या मोबाइल कंपनीच्या दुकानात शिरले. तरी माझ्या आधी दोघं होते आणि मागे पाहता पाहता रांग लागली. काउंटरवरच्या मुलीला मी सगळं सांगितलं.

"शिल्लक परत नाही येणार, मॅडम. गेली ती गेली."

"चार महिने साठवलं हो! नवऱ्याच्या शर्यती बंद केल्या!"

"कशासाठी?"

"बारशाच्या व्हिडिओ कॉलसाठी."

ती फार हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तासभराच्या कॉलला साधारण एखादा जीबी पुरतो."

माझा चेहरा बघून असेल, तिने दुकानाच्या वायफायचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढे सरकवला. मी पुढचा-मागचा विचार न करता तिथेच कॉल लावला. संदीपने उचलला. अंधारात त्याचे विस्कटलेले केस तेवढे दिसले.

"ताई? काय झालं? इथे पहाटेचे सहाही वाजले नाहीत!"

"मोबाइल तिच्या कानाशी धर."

"अगं, नाव कालच ठेवलं..."

"धर म्हणते ना!"

त्याने धरला. मी डोळे मिटले, काउंटरवर ओणवी झाले आणि भर दुकानात म्हटलं, "कुर्रर्र... रेवा!"

पलीकडून जर्मनी जागी होईल असं भोकाड ऐकू आलं. त्यावर अनघाचा आवाज: "रात्रभरात आत्ता कुठे झोपली होती हो, ताई!" आणि कॉल कट झाला.

पण माझं काम झालं होतं. मी अजून ओणवीच होते, तेवढ्यात मागून पाठीत सणसणीत धपाटा बसला. वा! मनात आलं, मावळ ते मावळ! कुर्र झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, हे रांगेतल्या परक्या बाईलाही बरोबर ठाऊक! मी भरल्या डोळ्यांनी तिचे आभार मानायला वळले.

"ओ बाई," ती म्हणाली, "किती हाका मारायच्या? तुमचं झालं असेल तर बाजूला व्हा की."