वीज गेल्यानंतरचा आवाज

कॅसेट मशीनमध्ये घालण्यापूर्वी प्रकाशदादा एकच प्रश्न विचारायचे, "आतलं माणूस हयात हाय, का गेलंय?" गेलंय म्हटलं की दाराशी चपला काढून मगच खोलीत शिरायचे. मी त्यांच्या केबल चॅनेलवर बातम्या वाचायला लागले, तेव्हा मला ही थेरं वाटली. एकदा हसलेसुद्धा. दादा म्हणाले, "हसू नका बाई. कुणाच्या घरात आपण चपला घालून शिरतो का?" त्यानंतर त्या खोलीत एकटीनं बसायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

नव्वदच्या दशकात दादा खेड्यापाड्यांतल्या लग्नांचं शूटिंग करत. त्यातून राजारामपुरीत चॅनेल उभं राहिलं आणि पुढे कोल्हापूरच्या बातम्यांची वेबसाइट. इंटरनेट म्हणजे काय हे पटवायला गिऱ्हाइकाला आधी दोन कप चहा पाजावा लागे. पण माणूस हाडाचा धंदेवाला. बघता बघता सराफच जाहिराती घेऊन दारात उभे राहू लागले. होळी लहान करा, स्मशानाला शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करा, असं आवाहन चॅनेलवर दिवसभर चाले आणि जमलेल्या शेणी दादा स्वतःच्या टेम्पोतून पोचवत. शिवाय दर मंगळवारी गोरगरिबांच्या गेलेल्या माणसांच्या कॅसेटी फुकट सीडीवर उतरवून देत. "सराफ जित्यांस्नी नटवतोय, त्याच्या पैशात आपण मेलेल्यांचा आवाज राखायचा," असा त्यांचा हिशेब.

अशाच एका मंगळवारी आजऱ्याहून तारामावशी आल्या, मुलीचा हात धरून. जन्म काजूच्या कारखान्यात गेलेला, डोळे काचबिंदूनं गेलेले. मुलगा सुरेश घाटातल्या अपघातात गेला होता. "त्याचं तोंड मनात हाय, पर आवाज हातचा सुटाय लागलाय," त्या म्हणाल्या. "एकडाव ऐकवा." मुलीच्या लग्नाची कॅसेट तेवढी उरली होती, आणि तिकडच्या पावसानं तिलाही बुरशी धरलेली. दादा आठवडाभर ती फीत पुसत बसले. "एकदाच चालंल. दुसऱ्यांदा न्हाय," त्यांनी मला बजावलं.

पुढच्या मंगळवारी मायलेकी पुन्हा आल्या. पडद्यावर मांडव दिसला, वाजंत्री दिसली, वऱ्हाड दिसलं. सुरेश कुठेच नव्हता. मुलगी रडकुंडीला आली. दादांनी हळूच विचारलं, "लाइट कुणी धरला हुता?"

"त्यानंच."

शूटिंगवाल्याशेजारी लाइट धरून उभा राहणारा कधी चित्रात येत नाही. हे कळल्यावर मला पडद्याकडे बघवेना. वऱ्हाडातली झाडून सगळी माणसं डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघत होती, म्हणजे आमच्याकडेच. आणि अगदी कानाशी आवाज आला, "आये, हिकडं बघ की!"

"बघतोय की रं," मावशी म्हणाल्या, आणि वीज गेली.

पडदे ओढलेली खोली भर दुपारी काळीकुट्ट झाली. मशीन बंद पडलं. फक्त कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होता आणि त्याच्या निळसर उजेडात मावशींचा चेहरा दिसत होता. मुलगी काही बोलणार, तोच दादांनी तिचा हात दाबला. मावशी ऐकत होत्या. मान हलवत होत्या. "व्हय रं... जेवलो की... तू जेवलास न्हवं?" प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देत होत्या. मी भयंकर घाबरले होते. पळावंसं वाटत होतं. बऱ्याच वेळानं त्या उठल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "झालं. चला."

वीज आली तेव्हा फीत मशीनमध्ये अडकून तुटली होती. कॉम्प्युटर मात्र मशीन बंद पडल्यानंतरही उतरवत राहिला होता. मी हेडफोन उचलला, तर दादांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "पुढचं आपलं न्हवं बाई. मायलेकराचं हाय." न ऐकताच त्यांनी सीडी केली. एरवी प्रत्येक कामाची प्रत ठेवणारा हा माणूस, त्या दिवशी त्यानं प्रत ठेवली नाही.

काही वर्षांनी दादा अंथरुणाला खिळले. त्यातून ते उठले नाहीत. त्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याजवळ बसले असताना आजऱ्याहून मावशींच्या मुलीचा फोन आला. आई गेली होती.

"रोज सीडी लावायची वो," ती सांगत होती. "लाइट गेल्यावर सुरेशदादा लई बोलतोय म्हणायची. हसायची. आमी कान लावून बसलो, तर नुसती शांतता. आता टाकून देऊ का?"

मी फोन दादांच्या कानाला लावला. त्यांना धाप लागली होती.

"टाकू नगंस पोरी," ते म्हणाले. "आपल्याला ऐकू येत न्हाय, एवढंच."